नाटकातला माणूस वाचायचा कसा?

'सुधाकर हा बुद्धिमान, मानी, प्रेमळ पण व्यसनाधीन वकील आहे.' राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकावरच्या उत्तरपत्रिकांत हे वाक्य थोड्याफार फरकाने हमखास सापडतं. पुढे प्रत्येक विशेषणाला नाटकातलं एकेक उदाहरण चिकटवलं की स्वभावचित्रण झालं. गुणही मिळतात. वाक्यात चूक काहीच नाही. अडचण एवढीच, की बुद्धिमान, मानी, प्रेमळ आणि व्यसनी असा वकील आयुष्यभर आरामखुर्चीत पडूनही राहू शकतो. त्याच्यावर नाटक होणार नाही.

विशेषणं जागच्या जागी बसून असतात आणि नाटक पुढे सरकत असतं. म्हणून जुनं, गाजलेलं नाटक वाचताना पात्राजवळ जायचं तर आधी क्रियापदं शोधावीत. या माणसाला काय हवंय, ते मिळवायला तो काय करतोय, आणि मधे कोण आडवं येतंय?

हा काही आजकालचा शोध नव्हे. नाट्यशास्त्रात कथानकाच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा (फळ मिळेल अशी आशा), नियताप्ती (ते मिळणारच अशी खात्री) आणि फलागम (फळ हाती येणं). या पाचही अवस्था फळाच्या मागे लागलेल्या माणसाच्या धडपडीच्या आहेत. धीरोदात्त, धीरललित वगैरे नायकांचे प्रकार आपण शाळा-कॉलेजात घोकले, आणि फळाचा मुद्दा मात्र कुठेतरी मागे पडला. खरं तर तोच जास्त कामाचा होता.

हौशी रंगभूमीवर मी दोन-तीन वर्षं लुडबूड केली. तेव्हा संहितेच्या वाचनाला आमचे दिग्दर्शक एकच प्रश्न विचारून भंडावून सोडायचे: ''या प्रवेशात तू समोरच्याकडून काय काढून घ्यायला आलायस?'' मी म्हणायचो, ''मी दुःखी आहे.'' ते म्हणायचे, ''मग घरी बसून रड की. इथे कशाला आलास?'' तेव्हा राग यायचा. आता कुठलंही नाटक हातात घेतलं की पहिल्या पानापासून तोच प्रश्न डोक्यात सुरू होतो.

सुधाकरलाच तो विचारून बघू. त्याला काय हवंय? पटकन उत्तर येतं, दारू. पण नाटक उघडतं तेव्हा तो पीत नाही. गरिबीतून स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला हा वकील आहे; बायको सिंधू श्रीमंत घरची, मेहुणा पैसेवाला. कोर्टात त्याचा मुन्सफाशी खटका उडतो, वकिलीची सनद काही काळासाठी जाते, आणि त्या अपमानाने तो आतून पेटतो. त्याचा कारकून तळीराम पहिला प्याला पुढे करतो तो याच घटकेला. तो अपमान विसरण्यासाठी. सुधाकरला दारू नको होती, त्याला स्वतःची गेलेली पत नजरेआड करायची होती.

एवढं धरून पुढे वाचलं की नाटकभर विखुरलेल्या गोष्टी एकमेकींना ओळखू लागतात. कमाई बंद पडल्यावरही भावाकडून मदत घ्यायची नाही, हा नवऱ्याचा मान सिंधू राखते आणि दळण दळते. मधे सुधाकर खरोखर दारू सोडतो, काम शोधायला बाहेर पडतो, प्रतिष्ठित मंडळी त्याला झिडकारतात आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. दोन्ही वेळा प्याल्याच्या आधी अपमान आहे. दारू त्याला सोडता येते, निदान काही दिवस तरी येते. मान सोडता येत नाही. 'मानी' हे विशेषण उत्तरपत्रिकेत गुण म्हणून लिहिलेलं असतं. नाटकात तीच ती फट आहे, जिथून दारू आत शिरते. गडकऱ्यांनी एकाच गोष्टीतून माणसाचं मोठेपण आणि त्याचा नाश दोन्ही काढले. गुणांची एक यादी आणि दोषांची दुसरी यादी केली, तर नेमकं हेच निसटतं.

न बोललेलं

कादंबरीकार पात्राच्या मनात शिरून सांगू शकतो की त्याला वाईट वाटलं, त्याने तिच्यावरचं प्रेम लपवलं. नाटककाराला ही सोय नाही. त्याच्या हाती बोलणं, हालचाल आणि थोड्या रंगसूचना. स्वगत असलं तरी त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा असं नाही. माणसं स्वतःशीही खोटं बोलतात. त्यामुळे पात्र स्वतःबद्दल काय म्हणतं, दुसरे त्याच्याबद्दल काय म्हणतात, आणि ते प्रत्यक्षात काय करतं, या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. त्या जुळल्या नाहीत की वाचकाने सावध व्हायचं, कारण पात्र तिथेच सापडतं.

रशियन नाटककार चेखवच्या 'द चेरी ऑर्चर्ड'मधला एक प्रवेश यासाठी मला फार आवडतो. हे नाटक १९०४ साली मॉस्को आर्ट थिएटरने रंगमंचावर आणलं. चौथा अंक. इस्टेट विकली गेली आहे, सामान बांधून झालंय, गाडीची वेळ होत आलीये. ती इस्टेट विकत घेणारा लोपाखिन तिथल्याच वेठबिगार शेतकऱ्यांच्या घराण्यातला आहे. जिथे त्याच्या बापाला आणि आजोबाला स्वयंपाकघरातसुद्धा पाऊल टाकू देत नसत, ती जागा आता त्याची आहे. घराची मालकीण रानेव्स्काया त्याला म्हणते, माझ्या मानलेल्या मुलीला, वार्याला मागणी घाल, ती तुझ्यावर जीव टाकते. तो म्हणतो, हो, आत्ताच उरकून टाकू. वार्याला आत पाठवलं जातं.

वार्या येते आणि सामानात काहीतरी शोधू लागते. लोपाखिन विचारतो, काय शोधताय? ती म्हणते, मीच बांधलंय आणि आता आठवत नाही. मग ती आता कुठे जाणार, याची चौकशी होते. मग थंडीवर गाडी येते. तो सांगतो की तीन अंश गारठा आहे. ती म्हणते, मी पाहिलं नाही, आणि आमचा थर्मामीटरही फुटलाय. शांतता. बाहेरून कोणीतरी लोपाखिनला हाक मारतं आणि तो अशा घाईने निघून जातो, जणू केव्हाची त्या हाकेची वाट पाहत होता. वार्या जमिनीवर बसून मुसमुसत रडते.

लग्नाचा एक शब्दही नाही. फुटलेल्या थर्मामीटरवर दोन आयुष्यांचा निकाल लागतो. आता इथे पात्राचं विश्लेषण करायचं म्हणजे 'लोपाखिन भित्रा आहे' असं लिहायचं का? ज्याने लिलावात सगळ्यांवर मात करून ती इस्टेट घेतली, तो एका मुलीसमोर भित्रा? मग पुन्हा त्याच प्रश्नाकडे: याला काय हवंय? पहिल्या अंकात तो एक आठवण सांगतो. लहानपणी बापाने मारलं, नाकातून रक्त आलं, तेव्हा तरुण रानेव्स्कायाने त्याला आत नेऊन तोंड धुवायला लावलं होतं. ती माया तो विसरलेला नाही. माझं वाचन असं, की त्याला त्या घरात परत तसंच आत बोलावून घेतलं जायला हवं आहे, आणि घर विकत घेतल्यावर ती वाट कायमची बंद झाली. वार्याशी लग्न करून ती उघडणार नव्हती. तुमचं वाचन वेगळं असू शकतं. पण ते थर्मामीटरला आणि त्या घाईच्या एक्झिटला लागू पडलं पाहिजे. वाचन मोजायची पट्टी तीच.

पाकिटातला खाऊ

दुसरी सवय अशी लावून घ्यावी, की नाटक संपलं की पहिला अंक पुन्हा वाचायचा. नॉर्वेजियन नाटककार इब्सेनचं 'अ डॉल्स हाऊस' १८७९ साली कोपनहेगनला पहिल्यांदा झालं. पडदा वर जातो तेव्हा नोरा नाताळची खरेदी करून घरी येते, खिशातून बदामाच्या मिठाईचं पाकीट काढते, एकदोन तुकडे तोंडात टाकते आणि नवऱ्याची चाहूल घ्यायला जाते. तो खोलीतून विचारतो, माझी चंडोल किलबिलतेय का, माझी खारूताई आली का? ती पाकीट पटकन लपवते, तोंड पुसते. मिठाई खाल्लीस का, असं त्याने बोट उगारून विचारल्यावर साफ नाही म्हणते. नाताळची भेट म्हणून तिला काय हवं? तर रोख पैसे.

पहिल्या वाचनात ही लाडावलेली, उधळी, बालिश बायको वाटते. अनेक उत्तरपत्रिकांत ती तशीच राहते आणि तिसऱ्या अंकात 'अचानक बदलते'. हा 'अचानक' शब्द दिसला की समजावं, पहिला अंक एकदाच वाचला गेलाय.

कारण शेवट माहीत झाल्यावर त्याच प्रवेशात काय दिसतं ते पाहा. पैसे उधळपट्टीसाठी नाहीतच. नवरा मरणाच्या दारात होता, डॉक्टरांनी दक्षिणेच्या हवेत न्यायला सांगितलं होतं, आणि तिने गुपचूप कर्ज काढून त्याला इटलीला नेलं होतं. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज घेता येत नसे, म्हणून तिने हमीदार म्हणून वडिलांची सही स्वतःच केली. वडील वारले २९ सप्टेंबरला. कागदावर त्यांच्या सहीजवळची तारीख आहे २ ऑक्टोबर. तेव्हापासून कपड्यांसाठी मिळणाऱ्या पैशांतून बचत करत, रात्री दार लावून नकला उतरवण्याचं काम करत ती हप्ते फेडतेय. म्हणजे मिठाईचं पाकीट हा या घराचा कायदा आहे. इथे मोठ्या बाईला खाऊसुद्धा चोरून खावा लागतो, आणि तिने इतकी वर्षं तितक्याच सफाईने त्याहून कितीतरी मोठी गोष्ट लपवली आहे. जिला आपण बालिश समजलो ती घरातली सगळ्यात सराईत नटी निघते. शेवटी ती बदलते याहून, ती नाटक करायचं थांबवते, हे म्हणणं जास्त खरं.

थांबते ती नेमकी कुठे, तेही दाखवता येतं. सावकाराच्या पत्राने गुपित फुटल्यावर नवरा, हेल्मर, तिच्यावर तुटून पडतो. थोड्याच वेळात सावकाराचं दुसरं पत्र येतं, सहीचा कागद परत मिळतो आणि हेल्मर आनंदाने ओरडतो, ''मी वाचलो! नोरा, मी वाचलो!'' नोरा विचारते, ''आणि मी?'' दोन शब्द. पुढची सगळी प्रसिद्ध चर्चा, शेवटचं दार आपटणं, सारं या दोन शब्दांच्या उतारावरून खाली येतं. एखाद्या पात्रावर लिहायचं असेल तर असं एखादं वाक्य शोधावं, ज्याच्या अलीकडे आणि पलीकडे ते पात्र वेगळं आहे. सगळ्याच पात्रांना असं वाक्य नसतं. ज्यांना नसतं, ती बहुधा दुसऱ्या कोणाला उजेडात आणायला ठेवलेली असतात.

विषय वेगळा, आशय वेगळा

इथपर्यंत पात्रांबद्दल झालं. आता थीम. मराठीत आपण कधी आशयसूत्र म्हणतो, कधी मध्यवर्ती कल्पना, आणि बहुतेक वेळा सरळ 'थीम'च म्हणतो. गोंधळ होतो तो विषय, संदेश आणि थीम एकाच गाठोड्यात बांधल्यामुळे. 'एकच प्याला'चा विषय दारू. संदेश काढायचा तर 'दारू पिऊ नये'. एवढंच सांगायचं असतं तर चार ओळींचं पत्रक पुरलं असतं, पाच अंकी नाटक कशाला?

थीम म्हणजे नाटकाला सतावणारा प्रश्न, ज्याला त्यातली वेगवेगळी माणसं आपापल्या जगण्याने वेगवेगळी उत्तरं देतात. म्हणून थीम शोधायला पात्रं सुटी सुटी वाचून चालत नाही. ती एकमेकांच्या शेजारी उभी करावी लागतात. सिंधू निमूट सोसते, तर तळीरामाची बायको गीता नवऱ्याला तोंडावर सुनावते. नवरे दोघींचेही दारुडे. मग हे नाटक खरंच फक्त सोशिकतेची पूजा करतं का? ज्या नाटककाराने सिंधूला देवी केलं, त्यानेच तिच्या शेजारी ही फटकळ बाई का आणून ठेवली? प्रेक्षक हसतात गीतेच्या बोलण्याला, पण खरं बोलत असते तीच.

त्याहून गमतीचा आहे रामलाल. सुधाकरचा शहाणा, सुशिक्षित, सुधारक मित्र. दारूला न शिवणारा. सुधाकरच्या विधवा बहिणीला, शरदला तो मुलीसारखी मानतो, आणि मग एका क्षणी त्याला कळून चुकतं की आपल्या मनात आलेलं हे मुलीबद्दलचं नाही. बरेच जण या उपकथानकाला ठिगळ म्हणतात. मला ते नाटकाच्या पोटातलं वाटतं. सुधाकरला उपदेश करणाऱ्या माणसाच्या हातातही एक प्याला आहे, फक्त त्यात दारू नाही. 'एकदाच', 'एवढंच', 'यात काय बिघडलं' ही भाषा दोघांच्या आत सारखीच चालू होते. एकजण घसरतो, दुसरा स्वतःला सावरतो. का? नाटक याचं सोपं उत्तर देत नाही. पण शीर्षकातला जोर 'प्याला'पेक्षा 'एकच'वर आहे, हे रामलालमुळे कळतं. विषयाला चिकटून बसलेल्या वाचकाला रामलालचं काय करायचं ते कळत नाही. विषयात न बसणारं पात्र किंवा प्रवेश सापडला तर तो टाकून देऊ नये. थीम बऱ्याचदा त्याच्याच खिशात असते.

तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) तर थीम कशी नाटकाच्या रचनेतच मुरवता येते याचा वस्तुपाठ आहे. नाटकमंडळी प्रयोगाच्या गावी लवकर पोचतात, वेळ घालवायला खोटा खटला उभा करतात, आरोपी म्हणून लीला बेणारेला निवडतात. आरोप? भ्रूणहत्या. गंमत म्हणून. हळूहळू खेळाच्या आडून तिच्या खऱ्या आयुष्याची चिरफाड सुरू होते. सामंत हा साधाभोळा गावकरी साक्ष द्यायची म्हणून हातातल्या कादंबरीतला मजकूर ठोकून देतो, आणि तो नेमका वर्मी लागतो. ज्याच्यामुळे अविवाहित बेणारेला दिवस गेले ते प्रोफेसर दामले सबंध नाटकात रंगमंचावर येतच नाहीत. न्यायालयात त्यांची खुर्ची रिकामी आहे. ज्या पुरुषाला कोणी जाब विचारणार नाही, त्याला नाटककाराने गैरहजर ठेवलं. पात्रांचं विश्लेषण करताना न आलेल्या पात्रालाही एक परिच्छेद द्यावा, तो असा.

आणि निकाल काय लागतो? काशीकर न्यायाधीशाच्या थाटात सांगतात की बेणारेच्या पोटातला गर्भ नष्ट केला जावा. पुन्हा एकदा वाचा. आरोप होता भ्रूणहत्येचा, आणि शिक्षा भ्रूणहत्येचीच. हे इतकं उघड्यावर ठेवलेलं आहे की कित्येकदा नजरेतून सुटतं. 'समाजाचा दांभिकपणा' हे शब्द आपण उत्तरात सर्रास लिहितो. या विसंगतीवर बोट ठेवलं तर ते लिहायची गरजही पडत नाही. या कोर्टाला बाळाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त कोणालातरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं पाहायचं होतं.

याच नाटकात एक कडी आहे. सुरुवातीला दाराच्या कडीत बेणारेचं बोट सापडतं. किरकोळ प्रसंग, थोडी थट्टा. पुढे खटला अंगाशी आल्यावर ती दाराकडे धावते, तेव्हा दार बाहेरून लागलेलं असतं. त्याच कडीने. जुन्या कसलेल्या नाटककारांच्या हातात वस्तू क्वचितच नुसत्या वस्तू राहतात. मात्र प्रत्येक खुर्ची-टेबलाला प्रतीक करत सुटू नये. वस्तू दुसऱ्यांदा आली आणि दुसऱ्या वेळी तिचा अर्थ बदलला, तरच ती हिशेबात धरावी. ही माझी खासगी कसोटी, आणि आजवर तिने फारसा दगा दिलेला नाही.

एक जुना गैरसमज

शोकांतिकांबद्दल लिहिताना 'नायकाचा स्वभावदोष' शोधायची एक रूढी पडून गेलीये. ॲरिस्टॉटलने वापरलेला ग्रीक शब्द हमार्शिया. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं, चूक होणं. त्याचं 'नैतिक दोष' असं भाषांतर होत गेलं आणि मग प्रत्येक नायकाच्या अंगावर एकेक खोट डकवायची सवय लागली. सोफोक्लीसचा ईडिपस घ्या. गर्व हा त्याचा दोष, असं लिहिलं जातं. रागीट तो आहे, यात वाद नाही. पण त्याचा शेवट कशाने होतो? नगरावर साथ आली आहे, आधीच्या राजाच्या खुन्याला शोधल्याशिवाय ती जाणार नाही, आणि हा राजा शोध सोडत नाही. खुनी तो स्वतःच आहे, मेलेला राजा त्याचा बाप होता आणि राणी योकास्टा त्याची आई. तिला हे सत्य त्याच्या आधी कळतं. ती विनवते, पुढे विचारू नकोस. म्हातारा धनगरही हातापाया पडतो. तरी तो विचारतो. ज्या हट्टाने त्याने कधीकाळी स्फिंक्स या राक्षसिणीचं कोडं सोडवून नगर वाचवलं, तोच हट्ट. नगर याही वेळी वाचतं. याला दोष म्हणायचं तर आपण कोणत्या गुणाला गुण म्हणणार?

सुधाकरचा मान आणि ईडिपसचा शोध एकाच जातीचे आहेत. असं काही दिसलं की दोन नाटकांची तुलना करावी. नाहीतर 'दोन्ही नाटकांत स्त्री आहे, दोन्हींत दुःख आहे' असल्या तुलनेने कागद तेवढा भरतो.

काळाचं भान हा आणखी एक मुद्दा, फार ताणत नाही. नोराची सही आजच्या वाचकाला नुसता फौजदारी गुन्हा वाटेल. तिच्या काळचा कायदा माहीत असला की तो गुन्हा कुठून आला ते दिसतं. सिंधूच्या बाबतीत उलटं होतं. नवऱ्याच्या माराने मरणाच्या दारात असताना त्यालाच वाचवण्यासाठी ती फौजदारापुढे खोटी जबानी देते. १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक आणलं, सिंधू बालगंधर्व करत, आणि त्या दृश्याला थिएटर रडत असे. आज तोच प्रवेश वाचताना आपल्या मुठी आवळतात. दोन्ही प्रतिक्रिया प्रामाणिक आहेत. 'गडकरी प्रतिगामी होते' म्हणून फाइल बंद करणं सोपं, 'तो काळच तसा होता' म्हणून सोडून देणंही तितकंच सोपं. मी अशा वेळी विचारतो, हे नाटक तिच्या त्यागाचं फळ काय दाखवतं? त्या खोट्या जबानीने सुधाकर वाचतो का? नाही. फासापासून वाचवलेला तो माणूस स्वतःच्या हाताने विष पितो. मूल गेलं, ती गेली, तोही गेला. सिंधूच्या त्यागाला नाटकाने नमस्कार केला आणि त्यातून काहीएक निष्पन्न होत नाही हेही दाखवलं. हे दुसरं गडकऱ्यांना दाखवायचं होतं की नाही, मी त्यात पडत नाही. संहितेत ते आहे.

शेवट बदलून बघा

आपलं वाचन बरोबर चाललंय का, हे तपासायची एक युक्ती आहे. मनातल्या मनात शेवट बदलायचा. सुधाकर सुधारला, सनद परत मिळाली, मूल जिवंत आहे. लोपाखिनने मागणी घातली, वार्या हो म्हणाली. सुचवलेला शेवट जिथे जोड न दिसता बसतो, तिथे समजायचं की आपण पात्राला अजून पकडलेलं नाही. जिथे तो बसवायला जाताच मागचे तीन प्रवेश निरर्थक होतात, तिथे नाटकाचा मुख्य खांब सापडला.

इब्सेनवर ही कसरत प्रत्यक्षात करायची पाळी आली होती. 'अ डॉल्स हाऊस' जर्मनीत व्हायचं होतं. नोरा करणाऱ्या प्रसिद्ध नटीने सांगितलं, मी माझ्या मुलांना टाकून कधीच जाणार नाही, तेव्हा हा शेवट मी करणार नाही. त्या काळी तिथे इब्सेनला लेखनहक्काचं संरक्षण नव्हतं. त्याने नकार दिला असता तर दुसऱ्या कोणीतरी वाटेल तसा शेवट जोडला असता. म्हणून १८८० साली त्याने स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला. त्याला तो 'रानटी अत्याचार' म्हणत असे. त्यात नोरा निघते, हेल्मर तिला ओढत मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो, झोपलेली मुलं पाहून ती तिथेच कोसळते, पडदा पडतो.

एका पानाचा फरक. पण तो शेवट लावून पहिला अंक पुन्हा वाचा आणि ते मिठाईचं पाकीट काय होतं ते बघा. एक खट्याळ बायको खाऊ लपवते आणि तोंड पुसते, बस.